जिभेवरची खपली

अमडापूरच्या शिवारात मिरचीच्या बियाण्याची शेडनेटं आहेत. हिरव्या जाळीखाली सरीसरीने झाडं आणि प्रत्येक सरीत एक बाई. समता हिवाळे त्या बायांत सगळ्यात चपळ. आणि सगळ्यात बोलकी.

काम नाजूक. उद्या फुलणारी कळी आज दुपारी हेरायची. चिमट्याने पाकळ्या उघडायच्या. आतले नर, म्हणजे पुंकेसर, एकेक करून उपटायचे, मधल्या मादीला धक्का लागू द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मादीला दुसऱ्या वाणाच्या परागाची पावडर लावायची, देठाला दोरा गुंडाळायचा. एखादा नर आत राहिला तर बियाण्यात भेसळ. मादीला चिमटा लागला तर फळच नाही. समता दिवसाला आठ-नऊशे कळ्या करायची. तिचा हात कधी हलला नाही. तोंड कधी थांबलं नाही.

"अन्नपूर्णे, तुह्या सरीतले नर तुले सासरे लागतात काय व? हात लावाले लाजून राह्यली ते!"

शेजारच्या सरीतून अन्नपूर्णा ओरडायची, "इच्या तोंडाले कोणी दोरा गुंडाळा व बायांनो!"

जाळीखाली हसू पसरायचं. उन्हाचे चार तास असे सरायचे. सुपरवायझर म्हणायचा, समताबाई आली नाही की कळ्या कमी होतात. ते खरं होतं. ती नसली की बायांना ऊन लागायचं.

तिच्या जिभेच्या डाव्या कडेला जांभळा फुगवटा होता. जन्मापासूनचा. माहेर उंद्रीचं. शाळेत पोरं तिला जांभूळ म्हणायची. ती रडली नाही. तिने दर ठरवला. एक चिंच दिली की एकदा जीभ दाखवायची. चिंचेच्या दिवसांत तिचं दप्तर आंबट वासाचं असायचं.

बारावी झाली आणि स्थळं येऊ लागली. अमडापूरचा देवानंद चिखलीच्या आपल्या दुकानात जळालेल्या पाण्याच्या मोटारींत नवी तार भरायचा. तो बघायला आला तेव्हा समताने चहाचा ट्रे खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर जीभ बाहेर काढली.

"हे हाय. पाहून घ्या. मंग म्हणसान, सांगतलं नाई."

तिच्या आईने कपाळावर हात मारला. देवानंद हसला. चिखलीला परत जाताना मोटारसायकलवर तो मित्राला म्हणाला, "पोरगी खरं बोलते बे." विहारात लग्न झालं. वर्षाने महामाया झाली.

बाळंतपणानंतर फुगवटा वाढला. दिवसभर सरीत वाकून काम केलं की त्यात रक्त उतरायचं. संध्याकाळपर्यंत जीभ जड व्हायची, शब्द बोथट व्हायचे. भाकरीचा कडक काठ लागला की तोंडात रक्ताची चव यायची. महामाया वर्षाची असताना एका सर्जनने तपासून सांगितलं, जिभेचा डावा भाग काढावा लागेल.

"मंग मी बोलीन कशी?"

"सराव केला की येतं. थोडं अस्पष्ट राहील."

समता कागद घेऊन घरी आली. ते पेटीच्या तळाशी गेले. "अर्धी ठेवून काय करू?" ती देवानंदला म्हणाली. "नेतात तर पुरी घेऊन जा म्हना." देवानंदने पुन्हा विषय काढला नाही. त्यालाही तिचं बोलणं हवं होतं. रात्री दुकानातून जेवायला आला की तो पहिल्यांदा विचारायचा, आज शेडनेटमध्ये काय काय झालं?

अशी सहा वर्षं गेली.

मागल्या वर्षी तिची दाढ ठणकू लागली. बुलढाण्याच्या दाताच्या डॉक्टरने तोंडात पाहिलं आणि हातातलं हत्यार खाली ठेवलं. म्हणाला, इथे मी दाताला हातही लावणार नाही. आधी संभाजीनगरला जा. त्याने एक नाव लिहून दिलं. डॉ. अनुपमा.

अनुपमा मॅडम चाळिशीच्या. हळू बोलायच्या. त्यांनी समताला मान खाली घालायला लावली, फुगवटा भरताना पाहिला. बोटाने दाबला, तो ओसरताना पाहिला. मोठ्या मशीनमध्ये तपासणी केली. मग एका कागदावर चित्र काढलं. पातळ भिंतींच्या नळ्या, एकमेकींत गुंतलेल्या.

"ही गाठ नाही, समताताई. रक्तवाहिन्यांचा गुंता आहे. जन्मतःच असा झालाय. आपण सुईने आत औषध सोडू. वाहिन्या आतून चिकटतील, बंद होतील. मग गुंता हळूहळू आटेल. तीन-चार वेळा यावं लागेल, महिन्याच्या अंतराने."

"कापाचं नाई?"

"नाही."

"थोडीशीबी नाई?"

"नाही, ताई. जीभ राहील."

समताने देवानंदकडे पाहिलं. मग पुन्हा मॅडमकडे. "नक्की ना?"

"तुम्ही माझं ऐकलंत तर," मॅडम म्हणाल्या. आणि काय ऐकायचं ते सांगितलं. औषधाने सूज येणार. जागा कडक होणार. कधी वर काळी खपली धरते. ती आपोआप पडते. तिला बोट नाही, दात नाही, ब्रश नाही. खपलीखाली काही वाहिन्या अजून चालू असतात. शंका आली तर फोटो पाठवायचा, फोन करायचा.

पहिली सुई ऑगस्टात दिली. आधी जीभ बधिर केली. मग मॅडमनी कापडाच्या घडीत जिभेचं टोक धरलं आणि सुई आत घातली. नळीत काळपट रक्त आलं. सुई बरोबर जागी आहे, असं त्या म्हणाल्या. औषध हळूहळू आत गेलं. समताला ते बधिरतेतूनही कळलं. कुणीतरी जिभेत उकळतं पाणी ओतावं तसं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात मांडीवर निश्चल होते. मॅडमनी नंतर पाच मिनिटं जीभ दाबून धरली.

चार दिवस जीभ तोंडात मावत नव्हती. उशाला दोन उशा, गार दूध, गार पातळ वरण. बोलणं महामायाच्या पाटीवर. पाचव्या दिवशी ती शेडनेटमध्ये गेली तेव्हा अन्नपूर्णा म्हणाली, "काऊन आली व इतक्यात? चार दिवस पहिल्यांदा पाखरं आयकू आली आम्हाले."

समताने चिमटा तिच्यावर उगारला.

सप्टेंबरात दुसरी सुई. फुगवटा निम्म्याने उतरला होता. संध्याकाळी जीभ जड होईना. एकदा देवानंद जेवताना थांबला आणि म्हणाला, "तुह्या तोंडातून र किती साफ येऊन राह्यला." तिने त्याला रताळं, रेडा, रिकामटेकडा असे दहा शब्द म्हणून दाखवले. शेवटचा त्याच्याकडे बोट करून.

तिसरी सुई ऑक्टोबरात. तेव्हा कळ्यांचा पूर होता.

त्या दिवसांत सुट्टी नसते. कळी कुणासाठी थांबत नाही. आज राहिली तर उद्या स्वतःच फुलते, स्वतःच फळते, आणि ते फळ तोडून फेकावं लागतं. तरी समता गेली, सुई घेऊन आली, आणि तिसऱ्याच दिवशी सुजलेल्या तोंडाने सरीत उभी राहिली.

आठव्या दिवशी खपली दिसली. गुरुवार होता. जिभेच्या कडेला, नखाएवढी, काळी. तिने फोटो पाठवला. मॅडमचं उत्तर लगेच आलं. ठीक आहे. हात लावू नका. सोमवारी दाखवून जा.

शुक्रवारी सकाळी खपलीचं एक टोक सुटलं. प्रत्येक शब्दाला ते दातावर घासायचं. तोंडाला वास येत होता. समताला तो वास ओळखीचा वाटला.

शेडनेटमध्ये एक काम असतं, ते कुणी शिकवत नाही. वाळलेलं फूल कधी कधी कोवळ्या मिरचीला चिकटून राहतं. तसंच राहू दिलं तर त्याच्याखाली ओल धरते आणि फळ सडतं. म्हणून दिसलं की काढायचं. चिमट्याने, देठाच्या बाजूने, एका झटक्यात. समताने इतक्या वर्षांत अशी किती फुलं काढली असतील, तिलाही ठाऊक नसेल. फळाला ओरखडा आला असं एकदाही झालं नव्हतं.

दुपारी डबे उघडले. समताने डबा उघडला नाही. तिने स्पिरिटची बाटली घेतली. वाण बदलताना चिमटा त्यात बुडवतात, जुनी पावडर मरावी म्हणून. तिने चिमटा बुडवला, पदराने नाही, स्वच्छ कापसाने पुसला. अन्नपूर्णाकडे हात पुढे केला.

"तुहा मोबाईल दे. कॅमेरा इकडून लाव, तोंड दिसते तो."

"काहाले?"

"लोंबून राह्यलं थोडंसं. तेवढं काढते."

अन्नपूर्णाने घास हातात धरला. "मॅडमनं नाई म्हटलं ना व?"

"मॅडमले काय मालूम, माह्या हाताचं? सोमवारपावतर आतून सडलं म्हंजे? मंग कापाच म्हनतीन."

ती भीती होती. बाकी सगळं त्या भीतीच्या मागे होतं. खपलीखाली सड धरेल, आणि वाचलेली जीभ शेवटी जाईल. तिला हात लावू नका हे सांगितलेलं आठवत होतं. पण सडतंय ते पाहत बसणं तिच्या हाताला माहीत नव्हतं.

"धर नीट. हालवू नको."

अन्नपूर्णाने मोबाईल धरला.

समताने जीभ बाहेर काढली. डाव्या हाताने टोक धरलं. चिमटा बरोबर सुटलेल्या टोकावर गेला. पहिला तुकडा अलगद आला. दुखलंही नाही. तिने तो बोटावर घेऊन पाहिला, अन्नपूर्णाला दाखवला. पाहिलं? अशा अर्थाने भुवई उडवली. मग उरलेल्या खपलीचं मूळ पकडलं आणि एका झटक्यात ओढलं.

आधी काही झालं नाही. खाली ओला लाल खड्डा दिसला. मग तो भरला. मग मोबाईलच्या काचेवर थेंब उडाले.

अन्नपूर्णा किंचाळली. बाया धावल्या. कुणी पाणी आणलं, कुणी हळद. समताने दोन्ही नाकारलं. पदराचा बोळा करून तोंडात दाबला. मॅडमनी पहिल्या दिवशी जीभ कशी दाबून धरली होती ते तिला आठवलं. तिने तसंच धरलं. बोळा भिजला. दुसरा केला. तोही भिजला. सुपरवायझरच्या गाडीतून अमडापूरचा दवाखाना. तिथून रुग्णवाहिका बुलढाण्याला. चिखलीजवळ देवानंद गाडीत चढला. हाताला मोटारीचं काळं तेल तसंच.

"कसं झालं? काय झालं इले?"

समताने सोबत आलेल्या अन्नपूर्णाचं मनगट धरलं. नखं रुतेपर्यंत. तिच्या डोळ्यांत पाहून नाही अशी मान हलवली. एकदाच.

"जेवता जेवता फुटलं," अन्नपूर्णा म्हणाली. "आपोआप."

बुलढाण्याला रक्ताची एक बाटली चढवली आणि पुढे संभाजीनगरला पाठवलं. वाटेत समताला समोरच्या काचेतला रस्ता दिसत होता. मग दिसेनासा झाला.

ती जागी झाली तेव्हा दुपार होती. नाकात नळी होती. देवानंद खाटेच्या कडेला बसला होता. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि लगेच खिडकीकडे पाहिलं. तिने तोंडातल्या तोंडात जीभ डावीकडे नेली. ती दाढेला लागते, तशी लागली नाही. डावीकडे काहीच नव्हतं.

रक्त थांबत नव्हतं. टाके धरत नव्हते. डाव्या बाजूचा भाग काढावा लागला. हे तिला तिथल्या दुसऱ्या डॉक्टरने सांगितलं. अनुपमा मॅडम त्याच्या मागे उभ्या होत्या.

अठरा दिवसांनी ती घरी आली. बोलून पाहिलं. आवाज होता. शब्द नव्हते. त नाही, ल नाही, र नाही, स नाही. स्वतःचं नाव घेतलं तर तोंडात पाणी हलल्यासारखं वाटायचं. पाटीला मात्र तिने पुन्हा हात लावला नाही; बोलायचं तर तोंडानेच, असं तिने धरलं होतं. महामायाला आधी तो खेळ वाटला. ती हसली. मग दोन दिवसांनी ती आईशी मोठ्याने आणि सावकाश बोलू लागली, बहिऱ्या माणसाशी बोलतात तसं. समताने तिला सांगायचा प्रयत्न केला की मला ऐकू येतं. महामायाने मान हलवली आणि पाण्याचा ग्लास आणून दिला.

देवानंद दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा. "इंजेक्शननं जीभ नेली, भाऊ. कापाचं नाई म्हने, अन् कापली." लोक हळहळायचे. कुणी म्हणायचं, सोडू नको त्याहिले. त्याने तक्रारीचा अर्ज लिहून घेतला. रोज संध्याकाळी तो बायकोला वाचून दाखवायचा, एखादी ओळ वाढवायचा. "बराबर हाय ना?" समता भिंतीकडे पाहायची. तिला वाटायचं, उद्या सांगू. सहा वर्षं याने माझी जीभ जपली, डब्यात गार दूध घेऊन बसमध्ये उभा राहिला, आणि ती मी माझ्या हाताने उपटली. हे त्याला कळलं तर तो माझ्याकडे कसा पाहील? शेडनेटमध्ये सगळ्यांत पक्का म्हणून नावाजलेला हात तोच होता. उद्या यायचा आणि जायचा. अन्नपूर्णा एकदा येऊन गेली. उंबऱ्यातच बसली. चहा घेतला नाही.

महिन्याने तपासणीची तारीख होती. देवानंदने शर्टाच्या खिशात अर्ज ठेवला. चिखलीहून सकाळची बस धरली.

बाहेरच्या बाकावर एक बाई मांडीवर बाळ घेऊन बसली होती. बाळाचा खालचा ओठ निळा, फुगलेला. समताची नजर तिथे अडकली. बाई देवानंदला म्हणाली, "आमी जालन्याकडून आलो. दुसरी खेप हाय. मॅडम सुई देत न्हाईत म्हणत्यात. बंद केलंय म्हणे."

देवानंद म्हणाला, "बरं झालं. नका देऊ. आमचं पाहा काय झालं ते." आणि त्याने बायकोकडे बोट केलं.

बाईने समताच्या तोंडाकडे पाहिलं. मग बाळाचा ओठ पदराने झाकला.

आत अनुपमा मॅडमसमोर समताची फाईल उघडी होती. त्यांचे डोळे सुजलेले होते. "बसा, ताई."

खुर्ची एकच होती. समता बसली. देवानंद उभा राहिला. त्याने अर्ज काढला.

"मॅडम, मले एकच सांगा. ते फुटलं कसं?"

"मी तेच शोधतेय. औषध किती गेलं, कुठे गेलं, सगळं पुन्हा तपासलं. बरोबर आहे. आदल्या दिवशीचा फोटो पाहिला. तोही ठीक आहे. असं व्हायला नको होतं. त्या दिवसापासून मी कुणालाच इंजेक्शन दिलेलं नाही."

"मालूम नाई तर टोचलं काहाले? माही बायको बोलत होती, मॅडम! तुमच्याकडे आनली तवा बोलत होती!"

मॅडमनी मान खाली घातली.

समता बोलली.

देवानंदने हात मागे केला. "थांब तू जराशी. मी बोलून राह्यलो ना."

ती पुन्हा बोलली. मोठ्याने. लाळ ओठावर आली, ती तिने पुसली नाही. मॅडमनी वर पाहिलं.

"पुन्हा सांगा, ताई. सावकाश."

मीच उपटलं, असं ती सांगत होती. चिमट्यानं. तिसऱ्यांदाही ते शब्द झाले नाहीत. तेव्हा तिने उजवा हात वर केला. अंगठा आणि दोन बोटं जुळवली. उरलेली जीभ बाहेर काढली, बोटं तिच्या कडेशी नेली, आणि एका झटक्यात मागे ओढली. हात जरासाही हलला नाही.

मॅडम टेबलावरून पुढे वाकल्या. "खपली?"

समताने मान हलवली.

"तुम्ही काढलीत? तुमच्या हाताने?"

मान पुन्हा हलली.

मॅडमनी चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला. त्या रागावल्या नाहीत. सुटल्यासारखंही काही त्यांच्या तोंडावर दिसलं नाही. त्या नुसत्या समताच्या बोटांकडे पाहत राहिल्या.

"काय म्हणते ते?" देवानंदने विचारलं.

"त्यांनाच विचारा."

"मले तिचं कळत नाई, मॅडम."

"मग दाखवा म्हणा."

समताने दाखवलं. पुन्हा जीभ बाहेर, पुन्हा बोटं, पुन्हा झटका. देवानंद पाहत होता. त्याला पहिल्यांदा कळलं नाही. मग कळलं. त्याने चाचपडत भिंतीला हात लावला.

मग त्याने हातातल्या अर्जाची घडी घातली. एक, दोन, तीन. खिशात मावेल एवढी झाली तरी तो घडी घालत होता.

"मंग आता गावात काय सांगू मी?" तो म्हणाला.

मॅडमनी पेन पुढे केला, तो समताने बाजूला सारला आणि तोंडाने सांगितलं. लांब वाक्य होतं. महिनाभर तिने ते मनात धरून ठेवलं होतं. गावात सांगा, बायकोनं आपल्या हातानं केलं. मॅडमनं काई नाई केलं. मले भेव वाटलं होतं का तुमी माह्याकडे पाहनार नाई, म्हनून बोलली नाई. तिने प्रत्येक शब्दाला थांबून, ओठ वाकवून, मान पुढे काढून तो शब्द ढकलला.

देवानंदला त्यातलं काहीच कळलं नाही. पुन्हा सांग, असंही तो म्हणाला नाही. त्याने घड्याळाकडे पाहिलं. अडीचची बस मिळेल का, असं पुटपुटला आणि फाईल उचलायला वाकला.

मॅडमनी बेल दाबली. सिस्टरने दारातून त्या जालन्याकडच्या बाईला आत बोलावलं. बाई बाळाला छातीशी धरून आत आली आणि समताकडे पाहून थबकली.

समता उठली आणि तिच्यासाठी खुर्ची मोकळी केली.